मृतांच्या स्मरणदिनी येणारी फुलपाखरे

नोव्हेंबरची दुसरी तारीख आपल्या घराघरांत ठाऊक असते. त्या आठवड्यात दफनभूमीतील तण काढले जाते, कबरी धुतल्या जातात, मेणबत्त्या व फुले नेली जातात आणि मृत भाविकांच्या आत्म्यांस चिरशांती मिळावी म्हणून मिस्सा अर्पण केला जातो. दूर मेक्सिको देशातील ख्रिस्ती लोकही हे दिवस मोठ्या भक्तीने पाळतात. घरात मृतांच्या नावाने वेदी मांडतात, त्यांच्या आवडीचे पदार्थ ठेवतात आणि झेंडूच्या फुलांची आरास करतात. आपल्या सणासमारंभांत रुळलेला झेंडू मूळचा त्याच देशाचा.

मिचोआकान व मेक्सिको ह्या दोन राज्यांच्या सीमेवर उंच डोंगर आहेत. तेथील गावांत ह्याच दिवसांत आणखी एक आगमन होते. उत्तरेकडून नारिंगी फुलपाखरांचे थवे येऊ लागतात. ती हजारोंनी नव्हे, कोट्यवधींनी येतात. मक्याच्या कापणीच्या सुमारास आणि मृतांच्या स्मरणदिनी येणारी ही पाखरे म्हणजे आपल्या पूर्वजांचे घरी परतलेले आत्मे, अशी तेथील जनांची जुनी समजूत. आत्मा फुलपाखराचे रूप घेतो, असे ख्रिस्तसभा शिकवीत नाही. परंतु सुरवंट, कोष आणि पंख फुटून बाहेर पडणारे पाखरू ह्या तीन अवस्थांत जीवन, मरण व पुनरुत्थान ह्यांची खूण ख्रिस्ती परंपरेने फार पूर्वीपासून ओळखली आहे. त्यामुळे त्या डोंगरवासीयांच्या भावनेला हसण्याचे आपल्याला कारण नाही.

ह्या फुलपाखराचे नाव मोनार्क, म्हणजे सम्राट. नारिंगी पंख, त्यांवर काळ्या शिरा, कडेला पांढरे ठिपके आणि वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. मिल्कवीड नावाच्या चिकाळ वनस्पतीवरच त्याचे सुरवंट वाढतात. आपल्या माळावर व रेल्वेच्या कडेला उगवणारी रुई ही त्याच कुळातली, आणि रुईच्या पानांवर वाढणारे आपले नारिंगी फुलपाखरू हे मोनार्कचे जवळचे नातलग. मिल्कवीडच्या चिकातील विष सुरवंटाच्या अंगी मुरते व पुढे पाखरातही उतरते. असे पाखरू खाल्लेला निळा जे पक्षी ते ओकून टाकतो आणि पुन्हा त्याच्या वाटेस जात नाही, हे अमेरिकन शास्त्रज्ञ लिंकन ब्राउअर ह्यांनी १९६० च्या दशकातील प्रयोगांनी दाखवून दिले.

कॅनडात व अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हे फुलपाखरू उन्हाळ्यात शेतोशेती दिसते. थंडी जवळ आली की ते दक्षिणेकडे निघते. रॉकी पर्वताच्या पश्चिमेकडची पाखरे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर हिवाळा काढतात, हे माहीत होते. परंतु पूर्वेकडची कोट्यवधी पाखरे जातात कोठे, ह्याचा पत्ता विसाव्या शतकाचा तीन चतुर्थांश काळ उलटत आला तरी लागला नव्हता.

टोरोंटो विद्यापीठातील प्राणिशास्त्रज्ञ फ्रेड अर्कहार्ट आणि त्यांच्या पत्नी नोरा ह्यांनी ह्या एका प्रश्नासाठी आयुष्य वेचले. पाखराच्या पंखावर खुणेची चिठ्ठी लावून सोडावे आणि ते कोठे सापडते ते पाहावे, अशी त्यांची कल्पना. सांगायला सोपी, करायला महाकठीण. गोंदाने लावलेल्या पहिल्या चिठ्ठ्या पावसात भिजून गळून पडल्या. अखेर दुकानात वस्तूंवर किंमत दाखवायला डकवतात तसल्या चिठ्ठ्यांनी काम भागले. पंखाच्या पुढच्या कडेवरील खवले अलगद पुसून तेथे ती लावायची. तिच्यावर क्रमांक, आणि पाखरू टोरोंटो विद्यापीठाकडे पाठविण्याची विनंती.

दोघा जणांनी किती पाखरांना चिठ्ठ्या लावाव्यात? म्हणून १९५२ साली नोरा ह्यांनी एका नियतकालिकात लेख लिहून वाचकांना मदतीची हाक दिली. सुरुवातीस मोजकेच लोक पुढे आले. पण वर्षे सरली तशी त्यांची संख्या शेकड्यांत गेली. शिक्षक, शाळेतली मुले, गृहिणी, निवृत्त माणसे अशा सामान्य जनांनी अंगणात पाखरे धरली, चिठ्ठ्या लावल्या आणि नोंदी टोरोंटोला धाडल्या. नकाशावरील रेघा हळूहळू टेक्सासकडे व तेथून मेक्सिकोकडे वळू लागल्या.

१९७२ साली नोरा ह्यांनी मेक्सिकोतील वृत्तपत्रांस पत्रे लिहिली. त्यांना मेक्सिको शहरात राहणाऱ्या केनेथ ब्रगर ह्यांचे उत्तर आले. पुढे ब्रगर ह्यांच्या सोबतीस मिचोआकानची कन्या कातालिना आग्वादो आली. ती त्या मातीतली होती आणि तिला गावकऱ्यांशी त्यांच्या भाषेत बोलता येत होते. विचारपूस करीत दोघे डोंगर चढत राहिले. जानेवारी १९७५ मध्ये सेरो पेलोन नावाच्या डोंगरावर, समुद्रसपाटीपासून सुमारे तीन हजार मीटर उंचीवरील अरण्यात, त्यांना ते दृश्य दिसले. झाडांची खोडे दिसत नव्हती, फांद्या दिसत नव्हत्या. सारे फुलपाखरांनी मढलेले होते.

पुढच्या जानेवारीत साठी ओलांडलेले फ्रेड अर्कहार्ट धापा टाकीत तो डोंगर चढले. ते पाहत असतानाच पाखरांच्या भाराने एक फांदी मोडून खाली पडली. अर्ध्या ग्रॅमच्या जीवांनी फांदी मोडली! खाली पसरलेल्या पाखरांत त्यांना एक पांढरी चिठ्ठी दिसली. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात चास्का गावच्या शाळेतल्या मुलांनी व त्यांच्या शिक्षकाने आदल्या ऑगस्टमध्ये ते पाखरू सोडले होते. उत्तरेची पाखरे येथेच येतात, ह्याचा पुरावा त्या मुलांच्या हातून मिळाला. ऑगस्ट १९७६ मध्ये 'नॅशनल जिऑग्राफिक' मासिकाने ही वार्ता जगाला दिली. मुखपृष्ठावर फुलपाखरांनी वेढलेली कातालिना होती.

ह्यास 'शोध' म्हणावे काय? डोंगरातल्या माणसांना ही पाखरे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. ती कोठून येतात, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हते. उत्तरेच्या लोकांना ती निघतात हे माहीत होते. पोहोचतात कोठे, हे माहीत नव्हते. एकाच कहाणीचे दोन अर्धे भाग दोन देशांत पडून होते. ते जुळले तो हा शोध.

ह्या प्रवासातील मोठे आश्चर्य पुढे आहे. उन्हाळ्यातील मोनार्क दोन ते सहा आठवडेच जगते. परंतु उन्हाळ्याच्या अखेरीस जन्मणारी पिढी वेगळी. ती सात-आठ महिने जगते, चार-चार हजार किलोमीटर उडून मेक्सिकोस जाते, हिवाळा काढते व वसंतात परत फिरून टेक्सासच्या परिसरात अंडी घालून मरते. उरलेली वाट तिची मुले व नातवंडे पुरी करतात. म्हणजे नोव्हेंबरात त्या डोंगरावर उतरणाऱ्या एकाही पाखराने तो डोंगर पूर्वी पाहिलेला नसतो. तेथून निघाले होते त्यांचे पणजोबा. सूर्याची दिशा आणि स्वतःच्या शरीरातील कालमापन ह्यांच्या आधारे ती दक्षिण साधतात, एवढे शास्त्रज्ञांनी उलगडले आहे. नेमका तोच डोंगर त्यांना कसा सापडतो, हे कोडे अजून पुरते सुटलेले नाही.

त्या उंचीवरील ओयामेल ह्या सूचिपर्णी वृक्षांवर पाखरे हिवाळा काढतात. वनस्पतिशास्त्रात ह्या वृक्षाच्या नावातील दुसरा शब्द 'रिलिजिओसा' असा आहे, कारण त्याच्या फांद्यांनी तेथील लोक सणांत चर्च सजवितात. हे वृक्ष दाट असले की रात्रीची थंडी आत शिरत नाही व पाऊस अंगावर येत नाही. अरण्य हेच पाखरांची घोंगडी आणि हेच त्यांची छत्री, असे ब्राउअर व त्यांचे सहकारी सांगत. कोरडे पाखरू थोडे गोठण सोसते, भिजलेले सोसत नाही. जानेवारी २००२ मध्ये पावसापाठोपाठ कडाक्याची थंडी पडली तेव्हा कोट्यवधी पाखरे मरून त्यांचे थर जमिनीवर साचले. झाडे विरळ झाली की घोंगडीला भोके पडतात.

आणि झाडे तर तोडली जात होती. १९८६ साली मेक्सिको सरकारने हुकूम काढून १६,११० हेक्टर क्षेत्र राखीव केले व त्याच्या गाभ्यात वृक्षतोडीस बंदी घातली. हेतू चांगला होता. परंतु ती जमीन निर्जन नव्हती. मेक्सिकोच्या क्रांतीनंतर मोठ्या जमीनदारांच्या जमिनी काढून गावांना सामाईक कसण्यासाठी दिल्या गेल्या. तिला तेथे 'एहिदो' म्हणतात. राखीव क्षेत्रातील बरेच अरण्य अशा गावांचे होते. लाकूड विकून त्यांची चूल पेटे. त्यांना कोणी विचारले नाही, पुरेशी भरपाई दिली नाही. कागदावरच्या एका रेषेने त्यांचा रोजगार गुन्हा ठरला. परिणाम व्हायचा तोच झाला. ज्यांनी राखण करावी त्यांच्याच मनात पाखरांविषयी अढी बसली आणि चोरटी तोड चालूच राहिली.

चूक सुधारायला चौदा वर्षे लागली. २००० साली राखीव क्षेत्र ५६,२५९ हेक्टर करण्यात आले. त्याबरोबरच, जे गाव वृक्षतोडीचा हक्क सोडून अरण्य राखील त्याला दरवर्षी मोबदला देणारा निधीही उभा राहिला. गावकरी वाटाडे झाले, रोपवाटिका चालवू लागले, रात्रीची गस्त घालू लागले. २००८ साली युनेस्कोने ह्या अरण्यास जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यानंतरच्या वर्षांत मोठ्या प्रमाणावरील बेकायदा तोड पुष्कळ कमी झाली.

ह्या बदलाचे एक उदाहरण म्हणजे ओमेरो गोमेस गोन्सालेस. एल रोसारियो, म्हणजे जपमाळ, हे त्यांच्या गावाचे नाव. लाकूडतोड्यांच्या घरात ते जन्मले. तोड थांबली तर आपण भिकेला लागू, अशी भीती त्यांनाही प्रथम वाटली होती. पुढे तेच अरण्याचे राखणदार व गावाचे पुढारी झाले. १३ जानेवारी २०२० रोजी ते बेपत्ता झाले आणि २९ जानेवारीला त्यांचा मृतदेह पाण्यात सापडला. डोक्याला इजा झाल्याचे शवविच्छेदनात आढळले. काही दिवसांतच आणखी एका वाटाड्याचा मृतदेह मिळाला. झाड राखणे हे तेथे जिवावरचे काम आहे.

तरीही पाखरांचे भवितव्य केवळ त्या डोंगरावर ठरत नाही. झाडांवर बसलेली पाखरे मोजता येत नाहीत, म्हणून त्यांनी व्यापलेले अरण्य मोजतात. १९९६-९७ च्या हिवाळ्यात ते १८.१९ हेक्टर होते. २०१३-१४ मध्ये ते ०.६७ हेक्टरवर आले, २०२३-२४ मध्ये ०.९० व २०२४-२५ मध्ये १.७९ हेक्टर. अमेरिकेच्या मका व सोयाबीनच्या विस्तीर्ण शेतांत तणनाशकाला दाद न देणारी वाणे आल्यापासून तण म्हणून मिल्कवीडही मारले गेले आणि सुरवंटांचे ताट रिकामे झाले. हवामानातील बदलाची त्यात भर पडली. तेव्हा मेक्सिकोच्या गरीब शेतकऱ्याने कुऱ्हाड खाली ठेवली, एवढ्याने भागत नाही. उत्तरेच्या श्रीमंत शेतकऱ्यानेही बांधावर थोडी जागा सोडावी लागते. तिकडे शाळांच्या व चर्चच्या आवारांत आता मिल्कवीड लावले जाते, ते ह्याच जाणिवेतून.

दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' ह्या विश्वपत्रात पृथ्वीची काळजी व गरिबांना न्याय ह्या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, असे प्रतिपादिले. मोनार्कचा इतिहास हेच सांगतो. पाखराचा ठावठिकाणा लागला तो सामान्य माणसांना हाताशी धरल्याने. त्याचे अरण्य राखण्याचा पहिला प्रयत्न फसला तो सामान्य माणसांना दूर लोटल्याने.

येत्या नोव्हेंबरात आपण आपल्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावू, त्याच सुमारास ओयामेलच्या फांद्यांवर ती पाखरे उतरत असतील. पणजोबांनी सोडलेल्या जागेचा पत्ता ती विसरलेली नसतील. ती जागा मात्र तेथे शिल्लक हवी. दफनभूमीच्या कुंपणालगत उगवलेली रुई साफसफाईच्या भरात उपटण्यापूर्वी आपणही तिच्या पानांची मागची बाजू एकदा पाहावी. एखादा पट्टेदार सुरवंट तेथे आपल्या पंखांची वाट पाहत असेल.