नागपूरचे टपाल आणि आपली घरे

गावाचा इतिहास लिहावयाचा म्हटले की राजवाडे, किल्ले आणि लढाया यांचीच गणना प्रथम होते. टपालकचेरीकडे इतिहास म्हणून पाहण्याची आपणांस सवय नाही. तथापि सामान्य कुटुंबाच्या सुखदुःखाशी जितका संबंध टपालाचा आला तितका क्वचितच दुसऱ्या कचेरीचा आला असेल. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत त्याविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

भोसल्यांच्या काळी राजपत्रे जासूद आणि काशीद यांच्या हस्ते जात. रयतेला मात्र गावी जाणारा यात्रेकरू वा व्यापारी गाठून त्याच्याजवळ निरोप द्यावा लागे. तिसरे रघूजी भोसले १८५३ च्या अखेरीस निवर्तले व १८५४ मध्ये इंग्रजांनी नागपूरचे राज्य खालसा केले. त्याच वर्षी टपालाचा नवा कायदा झाला. पूर्वी अंतराप्रमाणे हशील पडत असे. आता पाव तोळ्यापर्यंतच्या पत्रास, ते हिंदुस्थानात कोठेही जावो, अर्धा आणा असा एकच दर ठरला. ही व्यवस्था परक्यांनी आपल्या कारभाराच्या व व्यापाराच्या सोयीसाठी केली, यात शंका नाही. परंतु अर्ध्या आण्याचे तिकीट लावताना सावकार आणि शेतकरी एकाच पायरीवर आले, हेही तितकेच खरे.

१८६७ मध्ये मुंबईकडील आगगाडी नागपुरास पोहोचली आणि टपालाचा वेग वाढला. १८७९ मध्ये एका पैशाचे कार्ड निघाले, १८८० मध्ये मनिऑर्डर आली व १८८२ मध्ये टपालाची बचत बँक सुरू झाली. १८७७ पासून चालू झालेल्या एम्प्रेस मिलसारख्या कारखान्यांत खेड्यांतून आलेली माणसे राबू लागली होती. अशा माणसाच्या घरी मनिऑर्डरचे रुपये पोहोचले की चूल पेटे, आणि तिच्या कुपनावरील दोन ओळींनी जीव भांड्यात पडे.

सिव्हिल लाइन्समधील मोठ्या टपालघराची भव्य इमारत १९१६ ते १९२१ या काळात उभी राहिली. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीच्या हवाई टपालाची योजना सुरू झाली. मुंबई, कलकत्ता, दिल्ली व मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री सोनेगावच्या विमानतळावर एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल करीत व पहाटेपूर्वी परतीची वाट धरीत. देश निजलेला असताना त्याची पत्रे नागपुरात एकमेकांस भेटत होती, असे म्हटले तर वावगे होणार नाही. पुढे १९५६ मध्ये नागपूरचे राजधानीपण गेले. १९७२ मध्ये पिनकोड आला. त्याची योजना करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ व संस्कृतचे पंडित होते. मोठ्या टपालघरास ४४०००१ हा क्रमांक मिळाला.

आता आपल्या घरांकडे वळू. आपल्या समाजाचा इतिहास कोणत्याही बखरीत सापडावयाचा नाही. तो ‘तीर्थरूप’ व ‘चिरंजीव’ या मायन्यांखाली लिहिलेल्या पत्रांत आहे. कोपऱ्यास कुंकू लागलेली लग्नपत्रिका, कोपरा फाडलेले अशुभ वार्तेचे कार्ड, वसतिगृहातील मुलाने फीसाठी लिहिलेले पत्र, संस्थेच्या सभेची सूचना, यांतूनच विखुरलेली कुटुंबे एकत्र बांधली गेली. शाळेत पत्रलेखन शिकविताना आम्ही मुलांना सांगत असू की, कागदावर प्रथम स्थळ व दिनांक घाला. त्या सवयीचे मोल आज कळते, कारण त्या एका ओळीमुळेच जुने पत्र इतिहासाचा पुरावा ठरते.

२०१३ मध्ये तारसेवा बंद झाली. घरगुती पत्रेही आता विरळ झाली आहेत; निरोप क्षणात पोहोचतो व क्षणात पुसलाही जातो. नव्या साधनांना नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. परंतु दिवाळीच्या साफसफाईत आजोबांच्या ट्रंकेतील कार्डांचा गठ्ठा रद्दीत जातो, तेव्हा त्या घराच्या दोन पिढ्या मुक्या होतात. यासाठी समाजबांधवांस व भगिनींस आमची विनंती आहे की, असा गठ्ठा टाकण्यापूर्वी तो वडीलधाऱ्यांसमोर सोडावा, कोणी कोणास लिहिले ते वहीत टिपून ठेवावे आणि मुलांकडून एखादे पत्र मोठ्याने वाचवून घ्यावे. पोस्टमनने आपले काम केले आहे. पत्र जपण्याचे काम आपले आहे.