मधला माणूस

कर्नाटकात अणशीला वन खात्यात माझी बरीचशी नोकरी वायरलेसच्या खोलीत गेली. आतल्या कॅम्पवरून कुणबी पोरं कोकणीत बोलायची, जोयड्याहून साहेब कन्नडमध्ये विचारायचे आणि घरी मराठी बोलणारा मी मध्ये बसून इकडचं तिकडे करायचो. पावसाळ्यात कद्र्याकडे उतरणाऱ्या घाटात दरड आली की दिवसरात्र सेटसमोर. हे काम केलेल्यालाच कळतं, की मधल्या माणसाने स्वतः काहीच पाहिलेलं नसतं. दरड कुठल्या वळणावर आहे, झाड रस्त्यात आडवं आहे की कडेला, यातलं काहीही त्याच्या डोळ्यांसमोर नसतं. कानावर पडलेलं तेवढंच त्याचं. आणि समोरचा मात्र त्यालाच विचारतो, ‘नक्की का?’

विमानातही असा एक माणूस असायचा, हे मला नोकरीत असतानाच वाचून कळलं. तेव्हापासून त्या पेशाचा इतिहास जमेल तसा वाचत आलो. त्यातल्या एका माणसाबद्दल मला सांगायचं आहे. त्याआधी तो पेशा कुठून आला ते थोडं सांगावं लागेल.

१५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, तेव्हा त्यांच्या पुस मॉथ विमानात रेडिओच नव्हता. बोलायला कोणी नाही, म्हणून चुकीचं ऐकायलाही कोणी नाही. पुढे विमानं मोठी झाली, समुद्र ओलांडू लागली, आणि वैमानिकामागे कानाला हेडफोन लावून मोर्सची कळ दाबणारा रेडिओ ऑफिसर बसू लागला. बोलणं ठरावीक तीन अक्षरी संकेतांत चाले. त्यातला ‘क्यूएनएच’ आजही रोज वापरात आहे: विमानातल्या उंचीमापकाला हवेचा कोणता दाब लावायचा, तो आकडा.

नीट पोचलेल्या निरोपाची किंमत काय असते, ते ११ एप्रिल १९५५ ला दिसलं. बांडुंगच्या परिषदेला निघालेल्या प्रतिनिधींना घेऊन एअर इंडियाचं ‘काश्मीर प्रिन्सेस’ हाँगकाँगहून जाकार्ताकडे चाललं होतं. वाटेत विमानात बॉम्ब फुटला. कॅप्टन दा. का. जटार यांनी विमान समुद्रावर उतरवायचा प्रयत्न केला, आणि रेडिओ बंद पडायच्या आत नातुना बेटांजवळची आपली जागा सांगणारे तीन निरोप बाहेर गेले. सोळा माणसं गेली, तिघे वाचले. त्या तिघांत अभियंता कर्णिक होते, ज्यांनी पुढे या घटनेवर पुस्तक लिहिलं. जटार यांना मरणोत्तर अशोक चक्र मिळालं. विमान पेटलेलं असताना जागेचे आकडे न चुकता सांगणाऱ्या त्या माणसांपुढे मी आजही हात जोडतो.

मग व्हीएचएफ रेडिओवर थेट आवाजात बोलता येऊ लागलं. मोर्स गेलं, आणि पश्चिमेकडच्या विमानांतून रेडिओ ऑफिसरची खुर्चीही गेली. आता वैमानिक स्वतःच टॉवरशी बोलू लागला. मध्ये कोणी उरलं नाही, म्हणजे गैरसमजही उरणार नाहीत, असं कुणालाही वाटलं असतं.

तसं झालं नाही, हे महाराष्ट्राने फार लवकर पाहिलं. जुलै १९६२ च्या सुरुवातीची एक मध्यरात्र नुकतीच उलटली होती. सिडनीहून रोमला निघालेलं अलितालियाचं डीसी-८ बँकॉकहून मुंबईला येत होतं. मुंबईच्या नियंत्रकाशी वैमानिकाचं बोलणं चालू होतं, उतरण्याच्या परवानग्या मागितल्या जात होत्या, दिल्या जात होत्या. शब्द दोन्हीकडून बरोबर होते. पण वैमानिक समजत होता की आपण मुंबईच्या जवळ आलो, आणि विमान होतं जुन्नरच्या डोंगरांवर, मुंबईपासून ८४ किलोमीटरवर. दावंड्याच्या डोंगराला ते माथ्याजवळ धडकलं आणि आतले ९४ जण गेले. चौकशीत दोष वैमानिकाकडे गेला: आपण कुठे आहोत ते यंत्रांवरून पडताळलं नाही, सुरक्षित उंचीच्या खाली आला. निष्कर्ष बरोबरच असेल. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. परवानगी देणारा आणि घेणारा या दोघांच्या डोक्यात विमानाची जागा एकच आहे का, हे उच्चारून तपासायची रीत तेव्हा पुरेशी पक्की नव्हती. उंचीच्या आकड्यासोबत ‘कुठून’ हेही जायला हवं. आमच्या घाटात नुसतं ‘दरड आली’ म्हणून भागत नाही, कितव्या किलोमीटरच्या दगडापाशी ते आधी विचारायचं असतं.

पंधरा वर्षांनी, २७ मार्च १९७७ ला, स्पेनच्या टेनेरिफे बेटावर धुक्यात दोन जंबो विमानं धावपट्टीवरच धडकली. ५८३ मृत्यू. एका वैमानिकाने ‘टेक-ऑफ’ म्हटलं, टॉवरला वाटलं तो थांबलाय. पुढचे इशारे एकाच वेळी बोलले गेल्यामुळे शिट्टीसारख्या आवाजात बुडाले. त्यानंतर नियम झाला, की प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा काढून घेतानाच तो शब्द उच्चारायचा, एरवी नाही. मिळालेली सूचना जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची सक्तीही जगभर घट्ट झाली.

पण सोव्हिएत पद्धतीच्या विमानांत मधला माणूस टिकून राहिला होता. आणि इथे मला येगोर रेपबद्दल सांगायचं आहे.

१२ नोव्हेंबर १९९६ ची संध्याकाळ. कझाकस्तान एअरलाइन्सचं इल्युशिन-७६ चिमकेंतहून दिल्लीला उतरायला येत होतं. सौदी अरेबियाच्या सौदिया कंपनीचं बोइंग ७४७ दिल्लीहून नुकतंच उडालं होतं. त्यात आखातात कामाला निघालेले कितीतरी भारतीय होते. दिल्लीभोवतीचं बरंचसं आकाश लष्कराकडे असल्यामुळे येणारी आणि जाणारी विमानं एकाच पट्ट्यातून ये-जा करत. नियंत्रक होते व्ही. के. दत्ता. त्यांच्या पडद्यावर विमान ठिपका म्हणून दिसे, त्याची उंची दिसत नसे. ती वैमानिकाने सांगायची आणि त्यांनी मानायची. कझाक विमानाला १५० पातळी दिली होती, म्हणजे १५,००० फूट. सौदियाला १४०. मध्ये हजार फूट.

कझाक विमानात इंग्रजी बोलायचं काम रेपचं होतं. वैमानिकांची सवय मीटरची, दिल्लीचा हिशेब फुटांचा. सगळ्यांत वाईट म्हणजे रेपसमोर स्वतःचा उंचीमापक नव्हता. पुढे बसलेल्यांच्या खांद्यावरून वाकून काटे बघायचे, आणि तेच वाचून दिल्लीला सांगायचं. विमानाकडून ‘१५० गाठली’ असा निरोप गेला, तेव्हा ते त्या पातळीवर स्थिरावलेलं नव्हतं, उतरतच होतं. दत्तांनी सांगितलं: समोरून सौदियाचं ७४७ येतंय, चौदा मैलांवर, दिसलं की कळवा. विमानाने विचारलं, किती मैल? चौदा. पोच मिळाली. मग दत्ता म्हणाले: आता तेरा मैल, पातळी १४०.

हे आकडे मी कितीदा वाचले असतील. चौदा मैल, एकशे चाळीस पातळी, एकशे पन्नास पातळी, सगळे काही क्षणांत, परक्या भाषेत. १४० हा दुसऱ्याचा आकडा होता. तो आपल्यासाठीची आज्ञा म्हणून कुणाच्या कानात बसला असेल का? न्या. आर. सी. लाहोटी यांच्या आयोगाने नेमून दिलेली पातळी सोडून खाली उतरणं हे मूळ कारण ठरवलं, आणि त्यामागे कझाक चालकदलाचं अपुरं इंग्रजी व त्यातून सूचनेचा लागलेला चुकीचा अर्थ नोंदवला. आपसांत उंची मोठ्याने सांगत राहण्याची शिस्त त्या दलात नव्हती, हेही नोंदवलं.

शेवटच्या क्षणांत विमान १४,००० च्या आसपास पोचलेलं असताना ते पहिल्यांदा लक्षात आलं रेपच्या. १५० वर राहा, असं तो आपल्या माणसांना रशियनमध्ये ओरडला. कॅप्टन चेरेपानोव्ह यांनी विमान वर घ्यायला सुरुवात केली, आणि वर चढतानाच ते सौदियाच्या वाटेत आलं. चरखी दादरीच्या आसपासच्या शेतांत दोन्ही विमानं पडली. दोन्हींत मिळून ३४९ माणसं होती, एकही वाचलं नाही.

‘इंग्रजी येत नव्हतं’ असं एका वाक्यात या अपघाताचं वर्णन करतात, त्याचा मला राग येतो. त्या विमानात बोलण्याचा भार ज्याच्यावर होता, त्यालाच शेवटी काय चाललंय ते उमगलं. ज्यांच्या हातात सुकाणू होतं त्यांना संभाषण कळत नव्हतं, आणि ज्याला संभाषण कळत होतं त्याच्यासमोर काटा नव्हता. ही मांडणी कोणीतरी कागदावर आखलेली होती, वर्षानुवर्षं चालू दिलेली होती. रेप नुसता त्या खुर्चीवर बसला होता. दिल्लीच्या खोलीतही तेच: दत्तांना उंची दाखवणारं दुय्यम रडार तेव्हा वापरात आलेलं नव्हतं, म्हणून ते सांगीवांगीवर विसंबून होते.

नंतर पुष्कळ बदललं. दिल्लीत येण्याचे आणि जाण्याचे मार्ग वेगळे झाले, उंची सांगणारं रडार चालू झालं, आणि समोरासमोर आलेल्या विमानांना आपोआप इशारा देणारी टीकॅस यंत्रणा भारतात येणाऱ्या विमानांना बंधनकारक झाली. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने २००३ मध्ये वैमानिक आणि नियंत्रकांसाठी इंग्रजीच्या सहा पायऱ्या ठरवल्या, आणि २००८ पासून आंतरराष्ट्रीय उड्डाणांवर चौथी पायरी किमान मानली. तिथे ठरलेली वाक्यं पाठ असून चालत नाही. अनपेक्षित प्रसंग साध्या शब्दांत सांगता यावा लागतो, आणि शंका आली तर उलट विचारता यावं लागतं.

आमच्यापासून जवळचा विमानतळ दाभोळीचा. तिथला टॉवर नौदल चालवतं. कित्येक हिवाळे रशियातून चार्टर विमानं तिथे उतरत. त्यांतले रशियन वैमानिक काटा स्वतः बघत, नौदलाच्या नियंत्रकाशी इंग्रजीत स्वतः बोलत, आणि मिळालेली उंची स्वतःच परत म्हणून दाखवत.