जुनी मोटारसायकल किकला घेत नाही? बॅटरी घेण्याआधी हे तपासा

पेरणीच्या दिवसात, नाहीतर सकाळी डेअरीला दूध घालायच्या वेळीच गाडी रुसते. दहा-पंधरा किका मारून झाल्या की कुणीतरी सांगतं, बॅटरी उतरली असेल. आणि खिशातले हजार-दीड हजार गेले, तरी गाडी तिथंच.

आपल्याकडे गावोगावी अजून हिरो होंडाच्या किकवाल्या गाड्या आहेत. सीडी 100 आली 1985 ला, स्प्लेंडर 1994 ला. या जुन्या गाड्यांत प्लगला लागणारा करंट बॅटरीतून येत नाही. किक मारली की मॅग्नेटची कॉइल फिरत्या चुंबकामुळं करंट तयार करते, तो सीडीआयमध्ये, तिथून एचटी कॉइलमध्ये आणि मग प्लगला जातो. बॅटरी असते हॉर्न आणि इंडिकेटरसाठी. त्यामुळं हॉर्न खणखणीत वाजतो म्हणून करंट ठीक असं नाही, आणि हॉर्न मेला म्हणून गाडी चालू होणार नाही असंही नाही. (2020 नंतरच्या बीएस-6 इंजेक्शनच्या गाड्यांचं वेगळं आहे. त्यांना बॅटरी लागतेच.)

आधी पेट्रोल. कॉक चालू आहे का, रिझर्व्हवर घेऊन बघा. मग प्लग काढा. ओला निघाला तर पेट्रोल जास्त झालंय. पुसून वाळवा, कॉक बंद, चोक बंद, एक्सलेटर पूर्ण पिळून पाच-सहा किका मारा, मग प्लग बसवा. काळी कोरडी काजळी असेल तर एअर फिल्टर बघा. बदामी रंग असेल तर प्लगची तब्येत चांगली. जुन्या मॉडेलला गॅप साधारण 0.6 ते 0.7 मिमी ठेवतात.

आता ठिणगी. प्लग कॅपमध्ये घालून त्याचं लोखंड इंजिनला टेकवा, प्लगच्या भोकापासून लांब, आणि किक मारा. सांडलेलं पेट्रोल आधी पुसा, कॅप कोरड्या फडक्यानं धरा. निळी, टकटक आवाजाची ठिणगी चांगली. पिवळट बारीक किंवा काहीच नाही, तर आधी नवा प्लग लावून बघा. तरी नाही, तर कॅप फिरवून काढा. पावसाळ्यात नाहीतर प्रेशरनं गाडी धुतल्यावर तिच्यात पाणी राहतं. वायरचं टोक हिरवं पडलं असेल तर अर्धा सेंटिमीटर कापून कॅप परत फिरवून बसवा. फुकटचं काम आहे, पण बरेच जण करत नाहीत.

यातही नाही जमलं तर काळी-पांढरी वायर शोधा. हीच खरी गोम. चावी बंद केली की ही वायर सीडीआयचा करंट अर्थला देते आणि गाडी बंद पडते. चावीच्या स्विचमध्ये पाणी गेलं, किंवा हँडल वळतं तिथं वायर घासून चेसीला लागली, की चावी चालू असूनही गाडी बंदच राहते. गोठ्यात लावलेल्या गाडीची वायर उंदीरही कुरतडतात. हेडलाइटच्या आत या वायरचा सॉकेट सोडवा आणि ठिणगी बघा. आली, तर सीडीआय चांगली आहे, दोष स्विच किंवा वायरिंगचा. अशी सोडलेली गाडी चावीनं बंद होणार नाही. गिअरमध्ये टाकून, ब्रेक दाबून, क्लच सोडून बंद करा. कुणी पूर्वी वायरिंग बदललं असेल तर रंगावर जाऊ नका, चावीपासून वायर धरत या.

तरीही ठिणगी नसेल तर त्याच मॉडेलच्या शेजाऱ्याची सीडीआय पाच मिनिटं लावून बघा. विकत घ्यायची ती त्यानंतर. सीडीआय बदलूनही नाही आली, तर मॅग्नेट कॉइल किंवा एचटी कॉइल, ते मिस्त्रीचं काम.

राजदूतसारख्या गाडीला सीडीआय नसते, पॉइंट असतात. ते काळे पडले तर बारीक पॉलिश पेपरनं साफ करा.

आता बॅटरी. सेल्फ दाबल्यावर नुसतं टक-टक होत असेल तर ती कमी आहे किंवा टर्मिनल सैल आहे. पांढरी पावडर गरम पाण्यानं धुऊन, घट्ट करून ग्रीस लावा. मीटर असेल तर गाडी बंद असताना भरलेली बॅटरी 12.6 च्या आसपास दाखवते, चालू असताना 13.5 ते 14.5 व्होल्ट हवेत. 15 च्या वर गेलं तर रेग्युलेटर खराब, नवी बॅटरीसुद्धा उकळून जाईल. फ्यूज उडाला तर तेवढ्याच अँपिअरचा लावा. तांब्याची तार गुंडाळली तर फ्यूजऐवजी वायरिंग जळतं, आणि वर पेट्रोलची टाकी आहे.