सहा महिन्यांची लगीनघाई

लगीनघाई हा शब्द आपण सहज वापरतो. पण या देशाने एकदा खरोखरीची लगीनघाई पाहिली आहे. अजमेरचे हरबिलास सारडा यांच्या प्रयत्नाने झालेला बालविवाह प्रतिबंधक कायदा १९२९ मध्ये मंजूर झाला आणि १ एप्रिल १९३० पासून अमलात आला. मुलीचे वय किमान १४, मुलाचे १८. मधल्या सहा महिन्यांत ठिकठिकाणी आईबापांनी लहान लहान मुलींची लग्ने उरकून घेतली. १९३१ च्या जनगणनेत पंधरा वर्षांखालच्या विवाहित मुलींचा आकडा फुगलेला दिसला, त्याला ही घाई मोठे कारण होती. म्हणजे कायद्याची वार्ता लोकांपर्यंत पोचलीच नव्हती, असे नाही. ती पोचली, आणि उलट्याच कामी आली!

कायदाही तसा लेचापेचाच. लावलेले लग्न त्याने रद्द होत नसे. पोलीस आपण होऊन हात घालू शकत नसत. तक्रार करणाऱ्याकडून शंभर रुपयांपर्यंतचा जातमुचलका घेण्याची तरतूद होती. भावकीतल्या लग्नाविरुद्ध एवढा खटाटोप कोण करणार?

१९४९ मध्ये मुलीचे वय १५ झाले. १९७६ च्या लोकसंख्या धोरणाने मात्र वेगळाच हिशेब मांडला: लग्न लांबले की पाळणा लांबेल. त्यातून १९७८ ची १८ आणि २१ ही मर्यादा आली.

हा हिशेब महाराष्ट्रात गमतीशीर रीतीने चुकला. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ३९ टक्के अठराच्या आत लग्न झालेल्या होत्या, तरी एकूण जननदर २.१ वर आलेला होता. लग्न लवकर, दोन-तीन मुले लागोपाठ आणि पंचविशीच्या आसपास ऑपरेशन, ही वाट खेड्यापाड्यांतल्या बायकांनी धरली होती. जन्म कमी झाले. मुलीची शाळा सुटायची ती सुटलीच. २०१९-२१ च्या पाहणीत ते प्रमाण २२ टक्क्यांवर आले, जननदर १.७ वर. माझ्या मते यात कायद्यापेक्षा गावातल्या हायस्कूलचा वाटा मोठा.

बीडकडच्या ऊसतोड कामगारांत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात आणि मुकादमाची उचल त्या जोडीला मिळते. वयात आलेली मुलगी गावी कोणाच्या भरवशावर ठेवायची, हा घोरही असतोच. अठराचा आकडा तिच्या आईलाही पाठ असतो.