एका प्रश्नाचे सात दिवस

जपानी लोक ज्या संस्थेला ‘शिन्यो किन्को’ म्हणतात, तिच्यासाठी मराठीत प्रतिशब्द शोधत बसावे लागत नाही. ‘शिन्यो’ म्हणजे पत, विश्वास. ‘किन्को’ म्हणजे तिजोरी. आपला ‘पतपेढी’ हा शब्द तेथे जसाच्या तसा बसतो. गावातल्या लोकांच्या ठेवी घ्यायच्या आणि त्याच गावातल्या दुकानदारांना, लहान कारखानदारांना कर्जे द्यायची, असा तिचा सहकारी व्यवहार. वसईच्या ख्रिस्ती समाजात १९१८ सालीच अशी सहकारी पतसंस्था उभी राहिली आणि कालांतराने तिची बँक झाली. तेव्हा अशा संस्थेची ओळख आमच्या वाचकांना नव्याने करून द्यायला नको. आम्ही जी हकिकत सांगणार आहोत ती जपानच्या आइची प्रांतातल्या ‘तोयोकावा शिन्यो किन्को’ या पतपेढीची आहे. हिशेब चोख, कर्जे सुरक्षित, कारभार स्वच्छ. आणि तरीही डिसेंबर १९७३ मध्ये ही संस्था बुडता बुडता वाचली.

८ डिसेंबर १९७३. आपल्याकडे हा निष्कलंक मातेचा सण. त्या वर्षी तो शनिवारी आला होता. इइदा मार्गावरच्या आगगाडीतून काही मुली शाळेला निघाल्या होत्या. शालान्त वर्ष संपत आलेले. त्यांच्यातल्या एकीला पतपेढीत नोकरी मिळाली होती. मैत्रिणींनी तिची थट्टा केली, “पतपेढी म्हणजे धोक्याची जागा बाई!” त्यांच्या मनात दरोडेखोर होते. ज्या ठिकाणी पैसा तेथे चोर, एवढाच त्या थट्टेचा अर्थ. पण जपानीत ‘आबुनाई’ हा एकच शब्द दोन्ही अर्थी चालतो: जेथे जिवाला भय आहे ते, आणि जे डळमळीत आहे, कोसळण्याच्या बेतात आहे तेही. मुलीच्या मनाला ते बोलणे लागले. संध्याकाळी घरी तिने एका नातेवाइकाला सरळ विचारले, “पतपेढी धोक्याची असते का?”

येथपर्यंत कोणाचे काय चुकले? आम्हाला तरी काही दिसत नाही. पुढचे पाऊलही काळजीचेच होते. त्या नातेवाइकाने मुलीच्या प्रश्नातली ‘पतपेढी’ म्हणजे तोयोकावाचीच असे मनाशी धरले आणि त्या संस्थेच्या मुख्य कचेरीजवळ राहणाऱ्या ओळखीच्या माणसाला फोन करून चौकशी केली. दुसऱ्या दिवशी, रविवारी, ही चौकशी ब्यूटी पार्लर चालविणाऱ्या एका व्यक्तीच्या कानी गेली, ती ‘धोक्यात आहे म्हणे’ या रूपात. प्रश्न गेला आणि ‘म्हणे’ आले. सोमवारी पार्लरवाल्या व्यक्तीने ही गोष्ट आपल्या नातलगाला सांगितली, तेव्हा तेथे हजर असलेल्या एका लाँड्रीवाल्याने ती ऐकली आणि घरी बायकोला सांगितली. मंगळवारी कोझाकाई गावातल्या गृहिणींच्या बोलण्यात ‘म्हणे’ही उरले नव्हते. पतपेढी धोक्यात होती, बस्स.

बुधवार तसाच गेला. गुरुवारी, १३ तारखेला, एक गृहस्थ त्या लाँड्रीत फोन करायला आले. धंद्यातले कोणाचे तरी देणे भागवायचे होते, म्हणून त्यांनी फोनवरून निरोप दिला की, तोयोकावा पतपेढीतून १२ लाख येन काढून आण. अफवेचा त्यांना पत्ताही नव्हता. पण शेजारी उभ्या असलेल्या लाँड्रीवालीने ते ऐकले. चार दिवस कानावर आलेल्या गोष्टीला जणू साक्षीदार मिळाला. तिने तडक जाऊन आपले १८ लाख येन काढले आणि ओळखीपाळखीच्या माणसांना सावध केले. त्यांतल्या एका हौशी रेडिओवाल्याने ही खबर आपल्या यंत्रावरून दूरवर पोचविली. त्या दिवशी कोझाकाई शाखेतून ५९ ठेवीदारांनी सुमारे ५ कोटी येन काढून नेले.

शाखेपर्यंत लोकांना सोडणाऱ्या एका टॅक्सीचालकाने पुढे जी साक्ष दिली ती वाचण्यासारखी आहे. दुपारचा उतारू म्हणाला, पतपेढी धोक्यात आहेसे वाटते. अडीच वाजताचा म्हणाला, धोक्यात आहे. साडेचार वाजताचा म्हणाला, बुडणार. रात्रीचा म्हणाला, उद्या सकाळी तिचे दार काही उघडत नाही. एका गाडीत, एका दिवसात, चार तऱ्हांनी तीच बातमी! आणि मध्यंतरी पतपेढीत बदल झाला तो एवढाच की रांग वाढली.

शुक्रवारी संस्थेने खुलासा केला. वाचकांना वाटेल, येथे प्रकरण मिटले असेल. उलट ते चिघळले. खुलासा करावा लागतो, त्या अर्थी पाणी कोठेतरी मुरते आहे, असे लोकांनी ठरविले. एका कर्मचाऱ्याने ५ कोटी नव्हे, ५० कोटी येन पळविले. अध्यक्षांनी आत्महत्या केली. अशा नव्या वावड्या उठल्या. अवघ्या काही दिवसांत ठेवीदारांनी १०० कोटी येनहून अधिक रक्कम बाहेर काढली.

पतपेढी वाचली ती कागदावरच्या शब्दांनी नव्हे. जपानच्या मध्यवर्ती बँकेने आपल्या नागोया शाखेमार्फत रोकड पुरविली आणि नोटांचे गठ्ठे लोकांच्या नजरेस पडतील असे मुख्य कचेरीच्या तिजोरीसमोर रचून ठेवण्यात आले. ज्यांनी जीव दिल्याची बोलवा होती ते अध्यक्ष स्वतः खिडकीवर येऊन ठेवीदारांशी बोलू लागले. वृत्तपत्रांनी आणि दूरचित्रवाणीने अफवेचे खंडन केले, मध्यवर्ती बँकेच्या अधिकाऱ्याने संस्था सुस्थितीत असल्याची ग्वाही दिली, आणि शनिवारपासून रांग ओसरू लागली. पोलिसांना आधी कोणाचा तरी कट वाटला होता. त्यांनी एका तोंडाकडून मागच्या तोंडाकडे असा उलटा माग काढीत १६ डिसेंबरला सारी साखळी जाहीर केली. तिच्या टोकाला आगगाडीतली थट्टा होती. दुष्ट हेतू कोणाचाच आढळला नाही.

ही हकिकत बहुधा गंमत म्हणून सांगितली जाते. आम्हाला ती तशी वाटत नाही. लाँड्रीवालीला मूर्ख ठरविण्याआधी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. १९६६ साली शेजारच्या तोयोहाशी शहरातली एक वित्तसंस्था बुडाली होती आणि पैसे गुंतविणाऱ्यांच्या हाती जवळजवळ काही आले नव्हते. त्यात पोळलेल्यांपैकी काही जण या १९७३ च्या साखळीत होते, आणि लाँड्रीचे दांपत्य त्यांतलेच. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो. त्यातच ऑक्टोबरमध्ये तेलाचे संकट कोसळले होते. नोव्हेंबरमध्ये ओसाकाजवळ स्वच्छतागृहातला कागद संपणार या हाकाटीने दुकानांवर झुंबड उडाली होती, आणि ज्यांनी आधी धाव घेतली त्यांच्याच घरी कागद होता. अशा हिवाळ्यात ‘थांब, नीट चौकशी कर’ असे सांगणे सोपे. थांबणाऱ्याचे नुकसान झालेले मात्र साऱ्यांनी नुकतेच पाहिले होते.

दुसरे असे की, बातमी एका वाटेने येत नाही. गृहिणीने ती शेजारणीकडून ऐकली, मग दुकानात, मग नवऱ्याकडून. तिला वाटले, तीन माणसे सांगतात. वास्तविक तिन्ही वाटा एकाच उगमाकडे जात होत्या. धूर आहे तेथे अग्नी असणारच, हा न्याय आपण लहानपणापासून ऐकतो. पण येथे एकच धूर तीन खिडक्यांतून दिसत होता.

आणि बँकेचा व्यवहारच असा की तेथे खोटी बातमी स्वतःला खरी करू शकते. विहीर आटली म्हणून कोणी कितीही ओरडला तरी पाणी कमी होत नाही. बँकेचे तसे नाही. ठेवीदाराला पैसे मागताक्षणी मिळतात, पण तेच पैसे कर्जाच्या रूपाने कोणाच्या तरी यंत्रात, दुकानात, घराच्या भिंतीत वर्षानुवर्षे अडकलेले असतात. सगळे एका दिवशी दारात आले तर जगातली सर्वांत सचोटीची बँकही सर्वांचे पैसे देऊ शकत नाही. म्हणून शेजारी धावणार अशी शंका आली की आपणही धावणे शहाणपणाचे ठरते. डायमंड आणि डिबविग या अर्थशास्त्रज्ञांनी १९८३ साली हेच गणिताने मांडले, आणि २०२२ चा अर्थशास्त्राचा नोबेल पुरस्कार बर्नांके यांच्यासह त्यांना मिळाला. कोझाकाईच्या लाँड्रीत ते गणित दहा वर्षे आधीच सुटले होते.

मग अफवांवर विश्वास ठेवू नका, असे सांगून हा लेख संपवावा का? तसे करायला आम्ही धजत नाही, कारण आपल्या देशात, आणि तेही ख्रिस्ती समाजाच्याच एका बँकेबाबत, नेमके उलटे घडलेले आहे. केरळातल्या पाला या गावी १९२७ साली पालई सेंट्रल बँक स्थापन झाली. सिरियन ख्रिस्ती मळेवाले, व्यापारी आणि सामान्य कुटुंबे यांच्या ठेवींवर ती वाढली आणि केरळातली सर्वांत मोठी बँक झाली. तिची बरीचशी कर्जे बुडीत असल्याचे रिझर्व्ह बँकेच्या तपासण्यांतून कित्येक वर्षे आधीच दिसले होते. ठेवीदारांना मात्र ते कोणी सांगितले नाही. ऑगस्ट १९६० मध्ये रिझर्व्ह बँकेने बँक गुंडाळण्यासाठी केरळ उच्च न्यायालयाकडे अर्ज केला आणि दारे बंद झाली. तेथे आपल्याच माणसांच्या बँकेवर विश्वास ठेवून जे स्वस्थ राहिले, त्यांचेच पैसे अडकले. धास्तीपायी केरळातल्या इतर बँकांतूनही लोक ठेवी काढू लागले. त्यांतल्या काही बँका तोयोकावासारख्या ठणठणीत होत्या, काही नव्हत्या, आणि बाहेर रांगेत उभ्या असलेल्या माणसाला हा फरक कळण्याची सोय नव्हती.

या धक्क्यातून देश एक गोष्ट शिकला. १९६१ साली ठेव विम्याचा कायदा झाला आणि १ जानेवारी १९६२ पासून प्रत्येक ठेवीदाराला एका बँकेमागे १,५०० रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळाले. रक्कम आज लहान वाटेल. पण लहान ठेवीदाराला भल्या पहाटे रांग धरण्याचे कारण तिने काढून घेतले. सहकारी बँकांना हे छत्र पुढे मिळाले. मर्यादा वाढत वाढत १९९३ मध्ये १ लाख रुपयांवर आली आणि तेथेच पाव शतकाहून अधिक काळ थांबली.

सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. खात्यातून सहा महिन्यांत अवघे १,००० रुपये काढता येतील, असा पहिला हुकूम होता. मुंबई परिसरातल्या शाखांपुढे जमलेल्या त्या माणसांची भीती खोटी नव्हती. हिशेबातच खोट निघाली होती. पुढच्याच महिन्यात एका वेगळ्या, भक्कम बँकेच्या पासबुकाचे छायाचित्र मोबाइलवरून घरोघर फिरू लागले. त्यावर शिक्का होता: ठेवींना १ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. लोकांनी तो उलटा वाचला. बँक बुडाली तर आता १ लाखच मिळणार, असा नवा नियम आला, अशी बोलवा झाली. तो शिक्का रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या सूचनेनुसार मारला आहे आणि नियम जुनाच आहे, असा खुलासा त्या बँकेला करावा लागला. ४ फेब्रुवारी २०२० पासून ती मर्यादा ५ लाख रुपये झाली.