दुधाचा रस्ता

पवई तलावाच्या काठाने जाणाऱ्या जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर संध्याकाळी गाड्या तुंबल्या, की गोरेगावला निघालेला रिक्षावाला मान वळवून विचारतो, "आरेतून घेऊ का?" फिल्टरपाड्याजवळ मिठी ओलांडून, तलावांच्या पश्चिमेकडून हा रस्ता आरे चेकनाक्याला निघतो. त्याचं कागदोपत्री नाव दिनकरराव देसाई मार्ग. पण ते कुणाच्या तोंडी नाही.

मुंबईसारख्या शहरात एवढी झाडी उरली कशी, याचं उत्तर आधी पाण्यात शोधावं लागतं. हेन्री कॉनिबेअर या इंजिनिअरने आखलेला विहार तलाव १८६० मध्ये पूर्ण झाला आणि विहिरी-टाक्यांवर जगणाऱ्या शहराला नळाचं पाणी मिळालं. पुढे १८७९ मध्ये तुळशी आणि १८९१ मध्ये पवई तलाव झाला. पवईचं पाणी पिण्याजोगं ठरलं नाही. पण विहार-तुळशीसाठी भोवतालचे डोंगर पाणलोट म्हणून राखले गेले.

त्यांच्या लगत दूध आलं. शहराच्या भरवस्तीत म्हशींचे तबेले होते. घाण आणि दुधातली भेसळ यांनी लोक हैराण. दूध आयुक्त दारा खुरोडी यांनी हे तबेले शहराबाहेर काढायचं मनावर घेतलं. १९४९ मध्ये आरे वसाहत उभी राहू लागली आणि १९५१ मध्ये पंडित नेहरूंनी तिचं उद्घाटन केलं. सुमारे १,२८७ हेक्टर जमीन, ३२ तबेले, १६ हजार जनावरांची सोय! काचेच्या बाटल्यांतलं दूध पहाटे केंद्रांवर पोचायचं आणि रांगा लागायच्या. खुरोडींना १९६३ मध्ये कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासोबत मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कुरियन सगळ्यांना ठाऊक आहेत, खुरोडी फारसे कुणाला आठवत नाहीत. मला हे अन्यायाचं वाटतं.

वसाहतीच्या कितीतरी आधीपासून इथे वारली, कोकणा, मल्हार कोळी यांचे पाडे आहेत. वाघोबाला हात जोडूनच त्यांनी बिबट्याशेजारी संसार केले. आपण ज्याला 'शांत रस्ता' म्हणतो तो त्यांच्या अंगणातून जातो. पोरं त्याच्याच कडेने शाळेत जातात. आपली दहा मिनिटं वाचतात तेव्हा भरधाव गाड्यांपासून अंग चोरत चालायचं ते त्यांनी.

ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी दोन हजारांहून अधिक झाडं तोडली गेली, तेव्हा कुठे उपनगरांना आरेची आठवण झाली. भुयारी मेट्रो २०२४ मध्ये सुरू झाली. तिचा मी विरोधक नाही, पण कारशेडला दुसरी जागा मिळाली नसती, हे मला पटलेलं नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशी शहर बुडवणाऱ्या मिठीचा उगम याच परिसरातला.

आता गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्यासाठी डोंगराखालून जुळे बोगदे काढायचं ठरलं आहे. ते झाले की आरेतली वर्दळ ओसरेल, अशी आशा आहे. तोवर रात्री फिल्टरपाडा ओलांडलात की गाडी हळू घ्या. बिबट्याचा रस्ता ओलांडायचा वक्त तोच असतो.