टाकीची शीग : रॉकेलच्या डब्यापासून ‘फुल्ल’ टाकीपर्यंत

पेट्रोल पंपावरील नळी टाकी भरताच आपोआप बंद होते. ‘टक’ असा आवाज येतो, आकडे थांबतात. तरीही गाडीचा मालक म्हणतो, ‘अजून थोडं बसेल, घाला.’ नळी पुन्हा दाबली जाते, आणखी पाव लिटर जाते आणि मग पेट्रोल टाकीच्या तोंडातून वर येऊन गाडीच्या रंगावरून ओघळते. यंत्र थांबले असताना माणूस का थांबत नाही, हा प्रश्न अभियांत्रिकीचा वाटतो. प्रत्यक्षात तो मापाच्या इतिहासाचा प्रश्न आहे, आणि मालवणच्या किनाऱ्यावरून पाहिल्यास त्याची मुळे पेट्रोलच्या कितीतरी आधी सापडतात.

आरंभ धान्यापासून करावा लागतो. पायलीने भात मोजताना दोन पद्धती होत्या. एकीत मापाच्या काठावरून हात फिरवून धान्य सपाट करीत. दुसरीत काठाच्या वर जितका ढीग राहील तितका राहू देत. या ढिगाला ‘शीग’ म्हणतात. ‘शिगेला पोहोचणे’ हा रोजच्या बोलण्यातला वाक्प्रचार याच शिगेतून आला. माप सपाट घ्यायचे की शिगेचे, हा कुळ आणि खोत, गिऱ्हाईक आणि वाणी यांच्यातला नित्याचा वाद असे, कारण प्रत्येक पायलीमागे ओंजळभर धान्य कोणाच्या पदरात पडणार हे त्यावर ठरे. देणारा हात फिरवू पाही, घेणारा शीग मागे.

द्रव पदार्थाला शीग लागत नाही. काठाच्या वर गेलेले तेल सांडते, एवढाच त्याचा अर्थ. तरीही काठोकाठ भरून घेण्याची सवय धान्याच्या मापातून तेलाच्या मापात उतरली असावी, असे मानण्यास जागा आहे.

कोकणात दिव्याचे तेल पूर्वी घरच्या आसपासच मिळे. उंडीच्या बियांचे कडू तेल दिव्यात जाळीत, खोबरेल होतेच, आणि मुशीच्या यकृताचे उग्र वासाचे तेल होडीच्या लाकडाला चोपडीत. ही सारी तेले थोडी थोडी निघत, पळीने आणि शेराच्या मापाने विकली जात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या व्यवस्थेत अमेरिकेतून आणि पुढे रशियातील बाकू येथून आलेले खनिज तेल शिरले. ‘रॉक ऑइल’चे मराठीत ‘रॉकेल’ झाले, ‘गॅसलाइट’चे ‘घासलेट’ झाले. एकाच पदार्थाला दोन इंग्रजी शब्दांपासून दोन मराठी नावे मिळावीत, यावरूनच तो किती वेगाने घरोघर पोहोचला याची कल्पना येते.

हे तेल पत्र्याच्या चौकोनी डब्यातून येई. सुमारे १८ लिटरचा एक डबा, असे दोन डबे एका लाकडी पेटीत. मालवण, देवगड, वेंगुर्ले या बंदरांना मुंबईहून येणाऱ्या आगबोटी धक्क्याला लागत नसत. त्या खोल पाण्यात नांगर टाकीत आणि माणसे व माल पडावातून किनाऱ्यावर येई. पावसाळ्यात ही वाहतूक बंदच राही. म्हणजे मृगापूर्वी जे घरात आले त्यावर नारळी पौर्णिमेपर्यंत भागवायचे. बेगमीच्या त्या यादीत मीठ, मिरची, सुकी मासळी यांच्या शेजारी रॉकेलचा डबा येऊन बसला.

या डब्याची जागतिक कथा रंजक आहे. लंडनचा व्यापारी मार्कस सॅम्युअल याने १८९२ साली ‘म्युरेक्स’ हे टाकीचे जहाज सुएझ कालव्यातून पूर्वेकडे धाडले. पेट्या आणि डबे यांचा खर्च वाचवून जहाजाच्या पोटातच तेल सुटे भरायचे आणि बंदरात उतरवून स्वस्तात विकायचे, असा त्याचा बेत होता. हिशेब बरोबर होता, पण गिऱ्हाइकाने तो मानला नाही. आशियातल्या लोकांना तेलाइतकाच डबाही हवा होता. रिकाम्या डब्यातून पाणी भरता येई, पत्रा उलगडून छपरावर घालता येई, त्याची बादली, चूल, धान्याची कोठी होई. सॅम्युअलला अखेर पत्रा पाठवून पूर्वेतच डबे तयार करवावे लागले. प्रतिस्पर्धी स्टँडर्ड ऑइलचे डबे निळे, म्हणून याचे तांबडे. सॅम्युअलची ही कंपनी पुढे शेल या नावाने जगभर ओळखली गेली. मालवणीतला ‘डबो’ घराघरांत रुळला तो या डब्यांच्या युगात.

मापाच्या दृष्टीने या डब्याचे महत्त्व वेगळे आहे. तो झाळून बंद केलेला असे. आत किती तेल आहे याची हमी त्या सीलमध्ये होती. शिवाय तो कधीही काठोकाठ भरलेला नसे. खनिज तेल उष्णतेने प्रसरण पावते. थंड प्रदेशात भरलेला डबा जहाजाच्या तापलेल्या पोटातून आणि उन्हातल्या पडावातून प्रवास करी, तेव्हा आत मोकळी जागा नसेल तर शिवण फाटणार. तेल भरताना वर हवेसाठी जागा सोडण्याचा नियम मोटारीच्या टाकीने शोधलेला नाही, तो डब्यांच्या व्यापारातच रूढ झाला होता.

मोटार आली आणि प्रश्नाचे रूप बदलले. आरंभीच्या काळात पेट्रोलही डब्यातूनच येई आणि नरसाळ्याने टाकीत ओतले जाई. ओतणाऱ्याचा हात आणि बघणाऱ्याचा डोळा यांखेरीज थांबवणारे काही नव्हते. तेल सांडणे हा अपघात मानला जात नसे, ती रीतच होती. अमेरिकेत सिल्व्हेनस बाउझर याने १८८५ मध्ये फोर्ट वेन येथे दुकानात रॉकेल मोजून देणारा हातपंप विकला होता. त्याच कल्पनेतून पुढे रस्त्याकडेचे पेट्रोल पंप उभे राहिले. ‘पंप’ हा शब्द त्या दांडीच्या पंपाचा. दांडी जाऊन कित्येक दशके लोटली, शब्द राहिला.

या जुन्या पंपांपैकी एक प्रकार मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे. त्याच्या माथ्यावर काचेची उंच नळकांडी असे आणि तिच्यावर गॅलनच्या खुणा. दांडी मारून जमिनीखालच्या टाकीतले पेट्रोल त्या काचेत चढवीत आणि मग गुरुत्वाकर्षणाने ते गाडीत सोडीत. काच नेमक्या खुणेपर्यंत भरावी म्हणून आत वरच्या टोकाला एक नळी असे. तिच्यावर चढलेले पेट्रोल आपोआप परत जमिनीखालच्या टाकीत जाई. उतू जाऊ देणे हेच तेथे माप पक्के करण्याचे साधन होते. गिऱ्हाईक काचेकडे बघत उभा राही आणि आपले पेट्रोल मोजताना प्रत्यक्ष पाही. माप आणि डोळा यांचे इतके सरळ नाते इंधनाच्या व्यापारात पुन्हा कधी जुळले नाही.

दुसऱ्या महायुद्धात १९४१ पासून भारतात पेट्रोलवर रेशन आले. बसच्या मागे भट्टी बांधून कोळशाच्या धुरकट वायूवर गाड्या चालवण्याचे दिवस ते. थेंबाला मोल आले की सांडणे आपोआप कमी होते, एवढे नोंदवून पुढे जावे.

स्वातंत्र्यानंतर दोन बदल एकामागोमाग घडले. १९५६च्या कायद्याने मेट्रिक मापे आली आणि पुढील काही वर्षांत ४.५४६ लिटरचा गॅलन जाऊन लिटर आला. काचेची नळकांडी जाऊन बंद पेटीतला मीटर आला. आता गिऱ्हाइकाला पेट्रोल दिसत नाही, आकडा दिसतो. बर्मा-शेल, एस्सो, कॅल्टेक्स या परदेशी कंपन्या १९७०च्या दशकात सरकारकडे आल्या, पाट्या बदलल्या, पण गिऱ्हाइकाची शंका तीच राहिली. वजनमापे खाते मीटर तपासून सील करते, पंपावर पाच लिटरचे प्रमाणित माप ठेवणे बंधनकारक आहे आणि ते मागून तपासून घेण्याचा हक्क प्रत्येक ग्राहकाला आहे. तो वापरणारे ग्राहक मात्र क्वचितच आढळतात.

इथे ‘फुल्ल टाकी’चा उगम दिसू लागतो. आकड्यावर भरवसा नसलेल्या माणसाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येईल असे एकच माप उरले, ते म्हणजे टाकीचा काठ. ‘ॲव्हरेज’ काढण्याची घरगुती रीतही त्यावरच उभी आहे: काठापर्यंत भरा, गाडी चालवा, पुन्हा काठापर्यंत भरा, भागाकार करा. गाडीचा मालक मागतो ती जुनीच शीग आहे.

सिंधुदुर्गात या सवयीला सीमेनेही खतपाणी घातले. २०१२ मध्ये मनोहर पर्रीकर सरकारने गोव्यात पेट्रोलवरील कर जवळजवळ काढून टाकला आणि लिटरमागे सुमारे ११ रुपयांनी भाव उतरला. बांदा, सावंतवाडी, दोडामार्गकडच्या गाड्या पत्रादेवीपलीकडे जाऊन टाकी भरून येऊ लागल्या. एवढी वाट वाकडी केल्यावर नळी पहिल्यांदा थांबली म्हणून कोण समाधान मानील? माणसाच्या स्वभावाचे हे वर्तन अर्थशास्त्राला धरूनच आहे. फक्त टाकी बनवणाऱ्याने ते गृहीत धरलेले नाही.

नळी स्वतःहून थांबते ती कशी, हे एकदा नीट पाहिले पाहिजे. तिच्या टोकाशी एक बारीक छिद्र असते. पेट्रोल वाहत असताना नळीच्या आत तयार होणारा कमी दाब त्या छिद्रातून हवा ओढत राहतो. टाकीतले पेट्रोल चढून छिद्र झाकले की हवा मिळत नाही, आतला दाब आणखी उतरतो, एक पातळ पडदा ओढला जातो आणि झडप सुटते. त्यात वीज नाही, संगणक नाही. नळी टाकीत नीट खोल न बसवल्यास, छिद्रात कचरा गेल्यास किंवा फारच सावकाश धार सोडल्यास ही युक्ती चुकते. डिझेलला फेस येतो, त्यामुळे नळी पुष्कळदा लवकर थांबते आणि मग ‘थोडं अजून’ म्हणणाऱ्याला आयतेच कारण मिळते.

थांबल्यानंतर वर जी जागा राहते, ती प्रसरणासाठी आहे. पेट्रोल दर अंश सेल्सिअसला सुमारे हजारात एक भाग वाढते. जमिनीखालच्या गार टाकीतले दहा लिटर पेट्रोल गाडीत घेऊन ती एप्रिलच्या उन्हात उभी केली आणि तापमान पंधरा अंशांनी चढले, तर जवळजवळ दीडशे मिलिलिटर वाढ होते. जागा नसेल तर हे पेट्रोल झाकणातून बाहेर येणार. नव्या गाड्यांत टाकीची वाफ शोषून घेणारा कोळशाचा डबा असतो. अति भरल्यास वाफेऐवजी पेट्रोलच त्यात शिरते आणि तो निकामी होतो. उन्हाळ्यात टाकी पूर्ण भरल्यास स्फोट होतो हा दरवर्षी फिरणारा संदेश मात्र खोटा आहे. इंडियन ऑइलने त्याचा जाहीर इन्कार केला आणि उत्पादकाने ठरवलेल्या मर्यादेपर्यंत टाकी भरणे सर्व ऋतूंत सुरक्षित असल्याचे सांगितले. त्या मर्यादेच्या वरची शीग हा वेगळा विषय.

मालवणच्या किनाऱ्यावर याहून गंभीर प्रकरण मोटारींचे नाही, होड्यांचे आहे.

स्वातंत्र्यानंतरच्या पंचवार्षिक योजनांमधून शिडाच्या होड्यांना इंजिने बसवण्यासाठी कर्जे आणि अनुदाने मिळू लागली. रापणीची आणि वल्ह्याची मासेमारी एका बाजूला, डिझेलवर खोल समुद्रात जाणारे ट्रॉलर दुसऱ्या बाजूला, असा संघर्ष त्यातून उभा राहिला. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथे महत्त्वाचे एवढेच की डिझेल मच्छीमाराच्या खर्चातला मोठा भाग बनले. सहकारी संस्थांमार्फत मिळणारे डिझेल आणि त्यावरील कराचा परतावा यांवर हंगामाचा ताळेबंद अवलंबून राहू लागला. असा माणूस जाणूनबुजून डिझेल सांडत नाही. तरीही ते सांडते, कारण होडीची टाकी स्थिर नसते. लाटेबरोबर आतली पातळी एका बाजूला चढते, हवा बाहेर जाण्याची बारीक नळी तेवढ्यात डिझेलने भरते आणि काठावरून किंवा त्या नळीतून फवारा येतो. पिंपातून वा कॅनमधून ओतताना तर स्वयंचलित नळीच नसते. तेथे अजून नरसाळ्याचेच युग चालू आहे.

जमिनीवर सांडलेले पेट्रोल उडून जाते. पाण्यावर एक लिटर डिझेल एका मायक्रॉनच्या थरात पसरले तर एक हजार चौरस मीटर पृष्ठभाग झाकते. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर प्रवाळ आहेत आणि उथळ पाण्यात माशांची पिल्ले वाढतात. होड्या तेथूनच ये-जा करतात. पर्यटकांना किल्ल्यावर नेणाऱ्या आणि प्रवाळ दाखवणाऱ्या बोटींचीही त्यात गेल्या काही दशकांत भर पडली.

१ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी संपण्याच्या सुमारास बंदरांत इंजिने तपासली जातात, जाळी चढतात, टाक्या भरतात. अनुभवी तांडेल टाकी भरताना होडी शक्यतो शांत पाण्यात ठेवतो, तोंडाभोवती फडके गुंडाळतो आणि काठाच्या चार बोटे खाली हात वर करून ओतणाऱ्याला थांबवतो.